तळटीप वाचून दाखवता येत नाही : इंग्रजी मिस्सेसाठी झालेल्या एका बायबल-निवडीचे प्रकरण

१ डिसेंबर २०२४ रोजी, आगमनकाळाच्या (नाताळापूर्वीच्या तयारीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी, इंग्लंड आणि वेल्समधल्या कॅथोलिक चर्चांत मिस्सेची, म्हणजे कॅथोलिकांच्या मुख्य उपासनाविधीची, बायबल-वाचने एका नव्या ग्रंथातून होऊ लागली. त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ तिथे जेरुसलेम बायबलचा पाठ वाचला जात असे. त्या रविवारपासून त्याच्या जागी इंग्लिश स्टँडर्ड व्हर्शन या अनुवादाची कॅथोलिक आवृत्ती आली. हा अनुवाद ईएसव्ही या नावाने ओळखला जातो. त्याचे कॅथोलिक रूप इंग्लंडमध्ये तयार झाले नव्हते आणि रोममध्येही नव्हते. ते भारतातल्या लॅटिन विधीच्या, म्हणजे रोमची उपासनापद्धत पाळणाऱ्या, बिशपांच्या परिषदेने तयार करवून घेतले, २०१८ मध्ये बेंगळुरूच्या एशियन ट्रेडिंग कॉर्पोरेशनने छापले, आणि त्यावर आधारलेला वाचनग्रंथ २०२० मध्ये भारतातल्या इंग्रजी मिस्सांसाठी लागू झाला. मुंबई, पुणे, गोवा इथे इंग्रजी मिस्सेला जाणाऱ्या मराठी आणि कोकणी भाषकांच्या कानावर तो ब्रिटनच्या आधी पडला. त्याच वर्षी टाळेबंदीमुळे चर्चची दारे दीर्घकाळ बंद राहिली, त्यामुळे भरलेल्या चर्चमध्ये त्याची पारख व्हायला बराच उशीर लागला, ही गोष्ट वेगळी.

या प्रकरणातला पेच असा आहे की ईएसव्ही हा मुळात कॅथोलिकांचा अनुवाद नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या व्हीटन गावच्या क्रॉसवे या इव्हँजेलिकल (बायबलकेंद्री प्रॉटेस्टंट) प्रकाशनसंस्थेने तो २००१ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी कॅथोलिकांकडे स्वतःचे अनुवाद होते, त्यांतला एक तर नुकताच नवा होऊन आला होता. असे असताना ब्रिटनमधल्या दोन बिशप परिषदांनी आणि त्यांच्या आधी भारताने वेदीसाठी हा अनुवाद का निवडला, हे पाहिले म्हणजे उपासनेसाठी बायबलचे मूल्यमापन प्रत्यक्षात कसे होते ते कळते. अनुवादांची तुलना करून सर्वांत सरस तो उचलला, असे इथे घडलेले दिसत नाही. जो अनुवाद कमीत कमी अटींवर अडकत होता तो पुढे सरकला. बाकांवर बसून ऐकणाऱ्यांच्या कानाचा विचार झाला, पण तो रांगेत शेवटी उभा होता, असे माझे मत आहे.

जुन्या ग्रंथाचे काय अडले होते

मिस्सेत बायबल उघडून हवा तो अध्याय वाचत नाहीत. त्यासाठी वाचनग्रंथ असतो, त्याला लेक्शनरी म्हणतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५ मध्ये भरलेली जगभरच्या बिशपांची सभा), १९६९ मध्ये रोमने वाचनांचा नवा क्रम ठरवला आणि १९८१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली. रविवारची वाचने ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशा तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, आठवड्यातल्या दिवसांची पहिली वाचने दोन वर्षांच्या. रविवारी जुन्या करारातून एक उतारा, मग प्रतिसाद स्तोत्र, मग बहुधा पौलाच्या पत्रांतून एक उतारा आणि शेवटी शुभवर्तमान, अशी मांडणी असते. उतारे कापून घेतलेले असतात, म्हणून सुरुवातीला ‘त्या काळी’ किंवा ‘येशू आपल्या शिष्यांना म्हणाला’ असे शब्द जोडावे लागतात, आणि ‘तो’ या सर्वनामाच्या जागी कधी कधी नाव घालावे लागते. घरी अभ्यासासाठी ठेवलेले बायबल आणि हा ग्रंथ यांतला सर्वांत मोठा फरक मात्र वेगळाच आहे. हा ग्रंथ एकच माणूस हातात धरतो, बाकीचे सगळे फक्त ऐकतात. ऐकणाऱ्याला मागे जाऊन ओळ पुन्हा वाचता येत नाही, समांतर वचन शोधता येत नाही, आणि पानाच्या तळाशी काय लिहिले आहे हे त्याला कधीच कळत नाही.

जेरुसलेम बायबल इंग्रजीत १९६६ मध्ये आले. जेरुसलेमच्या एकोल बिब्लिक या संशोधनसंस्थेने केलेले फ्रेंच बायबल १९५६ मध्ये एका खंडात प्रसिद्ध झाले होते, त्यावरून स्फूर्ती घेऊन अलेक्झांडर जोन्स या इंग्रज धर्मगुरूंनी हे काम उभे केले. त्यांच्या सहकाऱ्यांत जे. आर. आर. टॉल्किनही होते, योनाच्या पुस्तकात त्यांचा हात होता. गद्य मोकळे, वाचायला सोपे, आणि मोठ्याने वाचताना वाचकाचा श्वास न तोडणारे. हा अनुवाद इतकी वर्षे टिकला त्याचे श्रेय या गुणाला द्यावे लागते.

मग तो सोडायचा का? कारणे अनेक होती, आणि सगळी सारख्या वजनाची नव्हती. पहिले म्हणजे त्यातली विद्वत्ता १९५० च्या दशकातली होती. काही पुस्तकांचा पहिला मसुदा फ्रेंचवरून करून मग मूळ भाषांशी ताडला गेला होता, आणि ही पद्धत पुढे कोणालाच समर्थनीय वाटेना. दुसरे, या अनुवादात देवाचे चार अक्षरी हिब्रू नाव ‘याहवे’ असे सर्रास छापलेले आहे. रोमच्या उपासनाविषयक खात्याने २९ जून २००८ च्या पत्राने ते नाव उपासनेत उच्चारायचे नाही असे सर्व परिषदांना कळवले. वाचनग्रंथात त्या जागी ‘प्रभू’ आधीपासून होताच, म्हणून हे कारण दिसायला मोठे असले तरी व्यवहारात छोटे होते. तिसरे कारण अगदी साधे, पण धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) पातळीवर सर्वांत जाणवणारे होते : अनेक वर्षांच्या वापराने जुने ग्रंथ झिजले होते, आणि पुन्हा एवढा खर्च करायचाच असेल तर तो जुन्या पाठावर का करायचा, असा प्रश्न होता.

चौथे कारण मला निर्णायक वाटते. २०११ मध्ये मिस्सेच्या प्रार्थनांचे इंग्रजी बदलले. त्याआधी कम्युनियन (वेदीवरची पवित्र भाकर) घेण्यापूर्वी लोक म्हणत की प्रभू, तुझा स्वीकार करायला मी योग्य नाही. नव्या पाठात ते म्हणू लागले की तू माझ्या छपराखाली यावेस याला मी योग्य नाही, फक्त शब्द बोल. हे मत्तयाच्या आठव्या अध्यायातल्या रोमी शतपतीचे उद्गार आहेत. जेरुसलेम बायबलमध्ये शतपती छपराचा उल्लेख करतो खरा, पण येशूला ‘महाशय’ अशा अर्थाच्या शब्दाने हाक मारतो आणि ‘नुसता हुकूम द्या’ अशा वळणाने बोलतो. ईएसव्हीत तो ‘प्रभू’ म्हणतो आणि ‘फक्त शब्द बोल’ असे म्हणतो, म्हणजे लोक वेदीपाशी जे म्हणतात त्याच्या अगदी जवळचे. योगायोग असा की आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यातल्या सोमवारी शुभवर्तमान हेच असते, त्यामुळे नवा ग्रंथ लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २ डिसेंबरला, वाचन आणि प्रार्थना एकाच सुरात ऐकू आल्या. बायबलचे शब्द प्रार्थनेत ओळखू येणे हे उपासनेचे मोठे बळ असते, आणि या कसोटीवर जुना ग्रंथ २०११ नंतर मागे पडत चालला होता.

नियमांची चौकट

कॅथोलिक चर्चमध्ये कोणता अनुवाद वाचायचा हे स्थानिक धर्मगुरू ठरवत नाही, आणि एकटा बिशपही नाही. चर्चच्या कायद्यातील ८२५ व्या कलमानुसार बायबलचा अनुवाद प्रसिद्ध करायलाच रोमची किंवा बिशप परिषदेची मान्यता लागते. उपासनेसाठी त्याहून वरची पायरी आहे : परिषद ठरावाने पाठ मंजूर करते आणि रोम त्याला पुष्टी देते. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या टप्प्यातला परिषदांचा वाटा वाढवला, तरी रोमच्या पुष्टीविना ग्रंथ वेदीवर जात नाही.

पाठ कसा असावा याचे नियम २८ मार्च २००१ च्या ‘लितुर्जिआम आउथेंतिकाम’ या दस्तऐवजात आहेत. अनुवाद मूळ भाषांतूनच व्हावा. जिथे हस्तलिखितांच्या परंपरा वेगवेगळ्या आहेत तिथे ‘नोव्हा वुल्गाता’ या अधिकृत लॅटिन पाठाकडे पाहावे. एका भाषेच्या प्रदेशात शक्यतो एकच अनुवाद असावा, म्हणजे लोकांना वचने पाठ होतील. ‘मनुष्य’ हा एकवचनी समूहवाचक शब्द केवळ स्त्रिया वगळल्यासारख्या वाटतात म्हणून सरसकट अनेकवचनी करू नये. या दस्तऐवजावर टीका पुष्कळ झाली, आणि ती सगळीच अनाठायी नव्हती. पण मूल्यमापन करणाऱ्या समितीच्या दृष्टीने तो टीकेचा विषय नव्हता, तपासणीचा तक्ता होता.

या तक्त्याने सर्वांत आधी ज्याला रोखले तो अनुवाद न्यू रिवाइज्ड स्टँडर्ड व्हर्शन, म्हणजे एनआरएसव्ही. १९८९ मध्ये आलेला हा अनुवाद विद्यापीठांत आणि अनेक प्रॉटेस्टंट चर्चांत मान्यता पावलेला होता. अमेरिकेच्या कॅथोलिक बिशपांनी तो १९९१ मध्ये उपासनेसाठी मंजूर केला, रोमने १९९२ मध्ये पुष्टीही दिली, आणि १९९४ मध्ये ती काढून घेतली. दिलेली पुष्टी मागे घेणे ही लहान घटना नव्हती. कॅनडाच्या बिशपांची अडचण तर आणखी मोठी होती, कारण त्यांनी ग्रंथ छापून वापरातही आणले होते. रोमशी दीर्घ वाटाघाटी करून, दुरुस्त केलेल्या पाठाला मान्यता मिळवण्यात त्यांची जवळजवळ दीड दशके गेली.

आक्षेप कशावर होता ते एका उताऱ्यावरून स्पष्ट होते. दानीएलाच्या सातव्या अध्यायात मेघांबरोबर येणारा जो कोणी दिसतो त्याला अरामी भाषेत ‘मनुष्याच्या पुत्रासारखा’ म्हटले आहे. एनआरएसव्हीने तिथे ‘मानवासारखा’ असे केले. अर्थाच्या दृष्टीने हे चूक नाही, उलट त्या अरामी वाक्प्रचाराचा साधा अर्थ तोच आहे. पण हा उतारा ‘ब’ वर्षातल्या ख्रिस्तराजाच्या सणाला वाचला जातो, आणि त्याच्या आदल्या रविवारच्या शुभवर्तमानात, मार्कच्या तेराव्या अध्यायात, येशू मनुष्याचा पुत्र मेघांतून येताना दिसेल असे म्हणतो. दोन रविवार लागोपाठ ऐकणाऱ्या माणसाला येशू दानीएलाचे शब्द स्वतःविषयी वापरतो आहे हे कळायचे, तर दोन्हीकडे तोच शब्द लागतो. अभ्यासाच्या बायबलमध्ये हा दुवा तळटीप जोडून देते. चर्चमध्ये तो जोडणारे कानाखेरीज दुसरे काहीच नाही. इथे रोमचा आक्षेप मला रास्त वाटतो, आणि तो परंपरावादापेक्षा ऐकण्याच्या व्यवहारावर जास्त उभा आहे.

यशयाच्या सातव्या अध्यायातले चौदावे वचनही त्याच जातीचे. हिब्रू शब्द तरुण स्त्रीसाठी आहे, जुन्या ग्रीक अनुवादाने ‘कुमारी’ केले, आणि मत्तयाने ग्रीकचा आधार घेतला. १९५२ मध्ये एनआरएसव्हीचा पूर्वज असलेल्या रिवाइज्ड स्टँडर्ड व्हर्शनने मुख्य पाठात ‘तरुण स्त्री’ छापले तेव्हा अमेरिकेतल्या एका पाद्रीने ते पान लोकांसमोर जाळले होते, यावरून या शब्दाभोवतीची धग कळावी. ‘अ’ वर्षातल्या आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी यशयाचे हे वचन पहिल्या वाचनात येते आणि मत्तयाचा पहिला अध्याय शुभवर्तमानात, म्हणजे काही मिनिटांच्या अंतराने. एनआरएसव्हीत ‘तरुण स्त्री’ आहे, जेरुसलेम बायबलमध्ये मधला मार्ग काढणारा ‘कन्यका’ अशा छटेचा शब्द आहे, ईएसव्हीत ‘कुमारी’ आहे. नोव्हा वुल्गाताकडे बोट दाखवणाऱ्या नियमाला यातले शेवटचेच सर्वांत सोयीचे होते. हिब्रू व्याकरणाच्या अभ्यासकाला ते खटकेल, आणि त्याचे खटकणे योग्यच आहे.

हक्क कोणाचा, दुरुस्ती कोणाची

इथून पुढे प्रकरणात एक असा घटक येतो ज्याचा उल्लेख धर्मशास्त्राच्या चर्चांत क्वचितच होतो. आधुनिक अनुवादाला मालक असतो. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड यांसारख्या काही परिषदांनी २००० नंतर एकत्र येऊन एनआरएसव्हीवर आधारलेला समान वाचनग्रंथ तयार करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा रोमला हवे असलेले बदल आणि स्वामित्वहक्काच्या अटी यांचा मेळ बसेना. एनआरएसव्हीचा हक्क अमेरिकेतल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसकडे आहे. याच कौन्सिलकडून क्रॉसवेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या रिवाइज्ड स्टँडर्ड व्हर्शनचा १९७१ चा पाठ वापरण्याची परवानगी मिळवली होती, आणि तोच पाठ सुधारून ईएसव्ही तयार झाला. एकाच हक्कदाराच्या दोन पाठांपैकी जो नवा त्यात कॅथोलिकांना हवे ते बदल करणे जमेना, आणि जो जुना तो इव्हँजेलिकल प्रकाशकाच्या हातून फिरून कॅथोलिकांकडे आला.

क्रॉसवेने भारतीय परिषदेला लवचीकपणा दाखवला. परिषदेने नेमलेल्या कॅथोलिक अभ्यासकांनी ईएसव्हीचा पाठ कॅथोलिक शिकवणीच्या आणि उपासनेच्या दृष्टीने तपासला, काही ठिकाणी बदल सुचवले, आणि प्रकाशकाच्या संमतीने ते स्वीकारले गेले. कॅथोलिक जुन्या करारात जी सात जास्तीची पुस्तके आहेत (तोबित, यहूदीथ, मक्काबी पहिले आणि दुसरे, शलमोनाचे ज्ञान, बेनसिरा आणि बारूख), ती आणि एस्तेर व दानीएलाचे ग्रीक भाग समाविष्ट झाले. त्यांचा ईएसव्ही अनुवाद २००९ मध्ये ऑक्सफर्डने काढलेल्या आवृत्तीत आधीच झालेला होता, म्हणून शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. या पुस्तकांतून मिस्सेत नेमाने वाचन होते, आणि ती नसलेला कोणताही अनुवाद कितीही चांगला असला तरी पहिल्याच फेरीत बाद होतो.

भारताच्या निवडीमागचे एक व्यावहारिक कारण इथल्या भाषास्थितीत आहे. आपल्याकडे इंग्रजी मिस्सेला येणारे बहुतेक लोक घरी मराठी, कोकणी, तमिळ, मल्याळम बोलतात. त्यांचे इंग्रजी शाळेत आणि कार्यालयात घडलेले असते, ब्रिटिश घरात नाही. जेरुसलेम बायबलचे इंग्रज वळणाचे वाक्प्रचार त्यांना जवळचे नव्हते, आणि शब्दाला शब्द जुळवत जाणारी, थोडी औपचारिक इंग्रजी त्यांच्या कानाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. इंग्लंडमध्ये हे गणित उलटे होते. तिथे सोडायचा होता तो पाठ घरच्या बोलीला जवळचा होता. तरीही स्कॉटलंडच्या बिशपांनी २०२० मध्ये ईएसव्हीची कॅथोलिक आवृत्ती स्वीकारायचे ठरवले आणि इंग्लंड-वेल्सनेही त्याच वर्षी तोच निर्णय केला. रोमच्या पुष्टीने आलेला एक तयार वाचनग्रंथ समोर होता. दुसऱ्या अनुवादाने जायचे तर प्रत्येक उतारा नव्याने कापणे, जोडणे आणि तपासणे आले असते.

दुसरा अनुवाद होता हे विसरता कामा नये. अँपलफोर्थ मठातले बेनेडिक्टाइन साधू हेन्री वान्सब्रो यांनी जेरुसलेम बायबलचीच परंपरा पुढे नेत सुधारलेला नवा अनुवाद सिद्ध केला, आणि तो २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्यात ‘याहवे’ काढून ‘प्रभू’ केले आहे, पहिल्या अनुवादापेक्षा तो मुळाच्या जास्त जवळ आहे, आणि ‘बंधू’ ऐवजी ‘बंधू-भगिनी’ म्हणायला तो कचरत नाही. इंग्रजी कॅथोलिकांचा घरचा, नवा आणि मोठ्याने वाचण्यासाठीच घडवलेला पाठ असूनही तो इंग्लंडमध्ये निवडला गेला नाही, हा या प्रकरणातला मला सर्वांत कमी पटलेला भाग आहे.

तळटिपेवर सोपवलेले प्रश्न

ईएसव्हीवरच्या टीकेचा केंद्रबिंदू ‘बंधूंनो’ हा शब्द होता. पौल आपल्या पत्रांत मंडळीला ज्या ग्रीक शब्दाने हाक मारतो त्याचे अनेकवचन पुरुषांनाही लागू होते आणि स्त्री-पुरुषांच्या मिश्र समूहालाही. ईएसव्ही मुख्य पाठात ‘बंधू’ ठेवतो आणि तळटिपेत सांगतो की संदर्भानुसार याचा अर्थ ‘बंधू-भगिनी’ असाही होतो. छापील पुस्तक म्हणून हे प्रामाणिक आहे. पण वाचक उभा राहून ‘बंधूंनो’ म्हणतो तेव्हा समोर बसलेल्या स्त्रियांपर्यंत ती टीप पोहोचत नाही. ब्रिटनमधल्या अनेक कॅथोलिक स्त्रियांनी आणि अभ्यासकांनी निर्णयावर जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि ईएसव्हीच्या मूळ देखरेख समितीत एकही स्त्री नव्हती याकडेही लक्ष वेधले. इव्हँजेलिकल वर्तुळात ईएसव्हीचा जन्मच १९९७ मधल्या समावेशक (स्त्री-पुरुष दोघांनाही धरून बोलणाऱ्या) भाषेच्या वादातून झाला होता, हे लक्षात घेता त्यांची शंका हवेतली नव्हती. मराठी सभेत ‘बंधू-भगिनींनो’ म्हटल्याशिवाय भाषण सुरूच होत नाही, म्हणून आपल्याला या वादाची तीव्रता पटकन उमगत नाही. इंग्रजीत मात्र त्या एका शब्दाने अनुवादाचा पक्ष ठरतो.

याच प्रकारचा, पण अधिक गंभीर प्रश्न योहानाच्या शुभवर्तमानात आहे. त्यात येशूच्या विरोधकांना वारंवार ‘यहुदी’ म्हटले आहे. ईएसव्ही काही ठिकाणी तळटिपेत खुलासा करतो की इथे बहुधा यहुदी धर्मपुढारी अभिप्रेत आहेत. शुभ शुक्रवारी योहानाचे अठरा आणि एकोणीस हे दोन्ही अध्याय सलग वाचले जातात, अनेक ठिकाणी वेगवेगळ्या वाचकांमध्ये वाटून, आणि जमावाचे शब्द लोक स्वतः म्हणतात. यहुद्यांवर सामूहिक दोष ठेवू नये असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट सांगितले, आणि ते सांगण्यामागे युरोपचा भयंकर इतिहास होता. त्या दिवशीच्या वाचनात तो खुलासा कुठे असतो? प्रवचनात असेल तर असतो. शब्दनिष्ठ अनुवाद इथे मूळ मजकुराशी इमान राखतो आणि सावधगिरीचे काम दुसऱ्यावर सोपवतो. हा दोष फक्त ईएसव्हीचा नाही, जेरुसलेम बायबलमध्येही तोच होता. पण अनुवाद बदलण्याची संधी आली तेव्हा हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या बाजूने सोडवता आला असता का, याची चर्चा ‘बंधूंनो’च्या मानाने फारच कमी झाली.

स्तोत्रांची वाट मात्र आधीपासून वेगळी आहे. प्रतिसाद स्तोत्र गायले जाते, म्हणून त्याची कसोटी लय ही असते. जुन्या वाचनग्रंथातही स्तोत्रे जेरुसलेम बायबलची नव्हती, ती १९६३ च्या ग्रेल अनुवादाची होती, आणि त्यातल्या ओळी फ्रेंच धर्मगुरू जोसेफ जेलिनो यांच्या चालींवर बसतील अशा आघातांनी बांधलेल्या होत्या. इंग्लंडच्या नव्या ग्रंथात त्याच ग्रेल परंपरेतून आलेली, अमेरिकेतल्या कन्सेप्शन मठाने सुधारलेली स्तोत्रे आहेत. एका भाषेला एक अनुवाद असा नियम असतानाही कोणी यावर हरकत घेतली नाही. गाणाऱ्याच्या तोंडात बसत नसेल तर शब्दनिष्ठेचा आग्रह कितीही धरला तरी व्यर्थ, हे गायनवृंदात उभे राहिलेल्या कोणालाही पटते. मग वाचकाच्या तोंडाचा आणि ऐकणाऱ्याच्या कानाचा निकष गद्य वाचनांना तितक्याच काटेकोरपणे का लावला गेला नाही, हा प्रश्न उरतोच. पौलाची लांब वाक्ये ईएसव्ही मुळाप्रमाणे लांबच ठेवतो. तालीम न करता उभ्या राहिलेल्या वाचकाची त्या वाक्यांत वाट चुकते आणि ऐकणाऱ्याचीही. उतारे काही चर्चांत आधी प्रत्यक्ष वाचून पाहून, वाचकांना आणि लोकांना काय ऐकू आले ते विचारून मग ठराव करणे अशक्य नव्हते.

आयर्लंडने ठरवण्याआधी लोकांची मते मागवली. पुढे आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी वान्सब्रो यांच्या सुधारित अनुवादाची वाट धरली. अमेरिकेची परिषद तिच्या स्वतःच्या न्यू अमेरिकन बायबलवरच काम करते आहे, आणि कॅनडात दुरुस्त एनआरएसव्ही आहे. इंग्रजी बोलणाऱ्या कॅथोलिकांना एकच बायबल मिळावे ही २००१ च्या दस्तऐवजाची अपेक्षा होती. जेरुसलेम बायबलच्या काळात भारत, ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया निदान एकाच पाठावर होते, आज तेवढेही नाही.

राहता राहिला पाठाच्या स्थैर्याचा मुद्दा, आणि तो अजून मिटलेला नाही. क्रॉसवेने २०१६ च्या उन्हाळ्यात ईएसव्हीचा पाठ यापुढे कायमचा गोठवल्याचे जाहीर केले आणि थोड्याच आठवड्यांत तो निर्णय मागे घेतला. त्याच वर्षीच्या पाठात उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातल्या सोळाव्या वचनात स्त्रीची ओढ पतीच्या ‘विरुद्ध’ असेल अशा अर्थाचा बदल केला होता, त्यावर स्त्रियांकडे पाहण्याच्या दृष्टीवरून टीका झाली, आणि २०२५ मध्ये प्रकाशकाने ते वचन पुन्हा जुन्या वळणावर नेले. हे वचन रविवारच्या वाचनांत येत नाही. मरीयेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला वाचला जाणारा उताराही ते नेमके वगळून पुढे जातो. पण विषम वर्षांत सामान्य काळाच्या (मोठ्या सणांच्या काळाबाहेरच्या) पाचव्या आठवड्यातल्या शनिवारी तो अध्याय सोळाव्या वचनासह वाचायचा असतो; २०२५ मध्ये तो दिवस १५ फेब्रुवारीला आला. कॅथोलिक आवृत्ती २०१६ च्या पाठावर उभी आहे. प्रकाशकाने आपल्या पुस्तकात केलेली दुरुस्ती वेदीवरच्या ग्रंथात आपोआप उतरत नाही, त्यासाठी परिषदेचा ठराव, रोमची पुष्टी आणि नवी छपाई लागते, आणि भारत व ब्रिटन या दोन्ही ठिकाणी हे स्वतंत्रपणे करावे लागेल. अशा प्रत्येक बदलाच्या वेळी कोणी कोणाला विचारायचे, याची पद्धत निवडीच्या वेळीच ठरवून घेणे हेही मूल्यमापनाचेच काम आहे.